गुप्तलिपीचा अध्यापक

माहितीची सुरक्षितता हा विषय आता महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात चांगलाच रुळला आहे. तो शिकवायचा कसा, याविषयी मात्र फारसा विचार झालेला दिसत नाही. गोपनीयता म्हणजे काय, मजकूर अविकृत राहणे म्हणजे काय, तो योग्य वेळी योग्य माणसाच्या हाती पडणे म्हणजे काय, या व्याख्या पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवल्या की विषयाची ओळख झाली, असे विद्यार्थ्याला वाटते. दुर्दैवाने पुष्कळदा अध्यापकालाही वाटते. ‘ध’चा ‘मा’ केल्याने काय अनर्थ होतो, हे ज्या भाषेतल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते, त्या भाषेतल्या विद्यार्थ्याने हे सारे रुक्ष व्याख्यांतून शिकावे, हा विषयावर आणि भाषेवरही अन्यायच होय. विसाव्या शतकात ज्या पुरुषाने या विद्येला शास्त्राची शिस्त लावली आणि तिला वर्गात आणून बसवले, त्याची शिकवण्याची रीत निराळी होती. कुलूप कसे घडवावे हे सांगण्यापूर्वी दुसऱ्याने घडवलेले कुलूप कसे उघडते हे तो शिकवी. त्याचे नाव विल्यम फ्रीडमन. त्याच्या आयुष्याची कथा बोधप्रद आहे, तशीच ती काहीशी करुणही आहे.

फ्रीडमन यांचा जन्म २४ सप्टेंबर १८९१ रोजी किशिनेव्ह येथे झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते मोल्दोव्हाची राजधानी आहे. घराणे ज्यूंचे. वडील टपाल खात्यात भाषांतराचे काम करीत. रशियात ज्यूंना जगणे दिवसेंदिवस अवघड होत चालल्याने हे कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्ग येथे आले. अनेक भाषा जाणणारा हा गृहस्थ तेथे दारोदार शिवणयंत्रे विकून संसार चालवू लागला. मुलाचे मूळचे वोल्फ हे नाव नव्या देशात विल्यम झाले. या मुलाला गुप्तलिपीचा नव्हे, शेतीचा ध्यास होता. १९१४ साली त्याने कॉर्नेल विद्यापीठाची आनुवंशिकीशास्त्रातील पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी इलिनॉय राज्यातील जिनीव्हा गावी रिव्हरबँक नावाच्या एका विलक्षण संस्थेत तो नोकरीस लागला.

रिव्हरबँकचा मालक जॉर्ज फेबियन हा कापडाचा धनाढ्य व्यापारी होता. शास्त्राची आवड होती, पैसा होता, विवेक मात्र बेताचाच. चंद्राच्या कलेनुसार ओट पेरून पाहावेत, अशा तऱ्हेचे प्रयोग तो पगारी शास्त्रज्ञांकडून करवून घेई. फ्रीडमन यांना त्याने राहायला जागा दिली ती एका पवनचक्कीत. याच आवारात एलिझाबेथ गॅलप या वृद्ध बाई शेक्सपिअरच्या नाटकांच्या जुन्या आवृत्त्यांवर भिंगे धरून बसलेल्या असत. ती नाटके फ्रान्सिस बेकनने लिहिली आणि छापील अक्षरांच्या वळणांतील सूक्ष्म फरकांत त्याने आपली कबुली दडवून ठेवली, असा त्यांचा दृढ विश्वास होता. त्यांच्या मदतीला १९१६ मध्ये एलिझेबेथ स्मिथ नावाची इंग्रजी साहित्याची एक तरुण पदवीधर आली. अक्षरांची छायाचित्रे मोठी करून देण्याच्या निमित्ताने फ्रीडमनही त्या कामात ओढले गेले. मे १९१७ मध्ये दोघांचा विवाह झाला.

गॅलपबाईंना जो मजकूर स्पष्ट दिसे, तो या दोघांना काही केल्या दिसेना. बाई लबाड नव्हत्या. ज्यावर श्रद्धा होती तेच त्या पाहत होत्या. फ्रीडमन दांपत्याच्या साऱ्या आयुष्याचा पहिला धडा तो हाच. गुप्तलिपीची उकल खरी ठरायची तर एकाने काढलेले उत्तर दुसऱ्याला स्वतंत्रपणे, त्याच नियमांनी, तसेच काढता आले पाहिजे. ज्या उकलीला प्रत्येक पावलावर उकलणाराच्या मर्जीचा आधार लागतो, ती उकल नव्हे. या निकषावर दोघांनी पुढे १९५७ साली शेक्सपिअरविषयक सर्व सांकेतिक दाव्यांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला आणि त्या वादाचा निकाल लावला. ज्या भ्रमाने त्यांना या वाटेवर आणले, त्याचे ऋण त्यांनी असे फेडले.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा शत्रूचे सांकेतिक संदेश वाचू शकणारी माणसे त्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. सरकारी खात्यांकडून न उकललेले कागद रिव्हरबँककडे येऊ लागले. त्यांत एक गठ्ठा असा होता की, त्याचा संबंध थेट हिंदुस्थानशी पोहोचतो. जर्मनीच्या साहाय्याने ब्रिटिश सत्ता उलथून पाडण्याच्या प्रयत्नात असलेल्या, अमेरिकेतील हिंदी क्रांतिकारकांचा तो पत्रव्यवहार होता. गदर चळवळीचे नाव मराठी वाचकाला विष्णू गणेश पिंगळे आणि पांडुरंग खानखोजे यांच्यामुळे परिचित आहे. पिंगळे १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले होते. हा पत्रव्यवहार त्या आघातानंतरही टिकून राहिलेल्या हालचालींचा होता.

ही पत्रे आकड्यांत लिहिलेली होती. लिहिणारा आणि वाचणारा या दोघांजवळ एकाच पुस्तकाची एकच आवृत्ती असावी. आकड्यांनी पान, ओळ आणि ओळीतील अक्षर दाखवावे. पुस्तक कोणते हे तिसऱ्याला कळू नये, अशी ही योजना होती. वरवर पाहता ती अभेद्य वाटते, कारण जगात पुस्तके अगणित. फ्रीडमन यांनी पुस्तक शोधलेच नाही. त्यांनी आकडे मांडले. नेहमी लागणारी अक्षरे पुनःपुन्हा त्याच जागेवरून उचलली गेली होती. लिहिणाराही माणूसच. पाने उलटण्याचा कंटाळा त्यालाही येतोच. काही अक्षरे अंदाजाने बसली की त्यांवरून संदेशातले शब्द सुचत. संदेशातले शब्द बसले की अज्ञात पुस्तकातील त्या त्या ओळींत काही अक्षरे आपोआप भरली जात. ओळीतले पहिले, तिसरे आणि चौथे अक्षर कळल्यावर तो शब्द ओळखणे किती अवघड? असे करता करता, जे पुस्तक डोळ्यांनी पाहिलेही नाही त्याचे तुकडे त्यांच्या टेबलावर जमू लागले आणि संदेश वाचता येऊ लागले. ते पुस्तक प्राइस कॉलियर या लेखकाचे जर्मनी व जर्मन लोक यांविषयीचे होते, हे मागाहून उघड झाले.

नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८ या काळात सॅन फ्रान्सिस्को येथे हा खटला चालला आणि फ्रीडमन यांनी त्यात आपल्या उकलीची साक्ष दिली. खटल्याचा शेवट रक्तपातात झाला. आरोपींपैकीच रामसिंग याने रामचंद्र याला भर न्यायालयात गोळी घातली आणि तोही तेथेच मार्शलच्या गोळीने ठार झाला. ज्यांच्या स्वातंत्र्याकांक्षेशी आपला जिव्हाळा आहे त्यांना तुरुंगात धाडण्यास या तरुणाची बुद्धी कामी आली, ही गोष्ट भारतीय वाचकाला बोचल्याशिवाय राहणार नाही. पण बोचली तरी तीत शिकण्याजोगे पुष्कळ आहे. त्या क्रांतिकारकांचे धैर्य कमी पडले नव्हते. त्यांची पद्धत कमी पडली. पुस्तक गुप्त आहे एवढ्या विश्वासावर त्यांनी आपल्या सवयींकडे दुर्लक्ष केले.

सवयीचा हाच दोष साहेबाच्या सैन्यातही होता. प्लेट्स नावाच्या एका ब्रिटिशाने त्याच सुमारास एक छोटे गुप्तलेखन यंत्र तयार केले. त्यावर ब्रिटिशांचा इतका विश्वास होता की, ते यंत्र वापरू नये यासाठी त्यांच्याकडे एकच युक्तिवाद उरला होता : एखादे यंत्र जर्मनांच्या हाती पडले तर ते आपल्याविरुद्ध वापरतील आणि मग त्यांचे संदेश आपल्याला कधीच वाचता येणार नाहीत! परीक्षेसाठी पाच लहान संदेश रिव्हरबँकला आले. यंत्रात दोन अक्षरमाला होत्या आणि प्रत्येक एकेका किल्लीशब्दावरून रचलेली होती. फ्रीडमन यांनी थोड्याच वेळात पहिली अक्षरमाला शोधली. तिचा किल्लीशब्द निघाला सायफर, म्हणजे गुप्तलिपी. दुसरी मात्र सापडेना. तेव्हा त्यांनी पत्नीला समोर बसवले, मन अगदी रिकामे करायला सांगितले आणि आपण उच्चारू त्या शब्दासरशी जो शब्द सुचेल तो बोलावा असे सुचवले. ते म्हणाले सायफर. ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली मशीन. दुसरा किल्लीशब्द तोच होता. सुमारे तीन तासांत सारा मामला आटोपला. उकललेल्या संदेशांपैकी एकाचा आशय असा होता की, ही गुप्तलिपी सर्वथा अभेद्य आहे.

जन्मतारीख, मुलाचे नाव किंवा कुलदैवत यांपलीकडे परवलीचा शब्द न सुचणाऱ्या कचेऱ्यांतून ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही. पद्धत शत्रूला ठाऊक आहे असे गृहीत धरावे आणि सारी भिस्त किल्लीवर ठेवावी, हे तत्त्व पॅरिसमधील एक भाषाशिक्षक ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच सांगून ठेवले होते. किल्लीही जर यंत्राच्या नावासारखीच उघड असेल तर त्या तत्त्वाचा उपयोग काय, हा पुढचा धडा फ्रीडमन दांपत्याने या पाच संदेशांतून दिला.

युद्ध सुरू झाल्यावर सैन्याने आपले अधिकारी रिव्हरबँकला शिकण्यासाठी पाठवले. पंचविशीतला एक आनुवंशिकीशास्त्रज्ञ आणि त्याची तेवढ्याच वयाची पत्नी हे त्यांचे गुरुजन. पाठ्यपुस्तके नव्हती, ती रात्री लिहावी आणि दिवसा शिकवावी, असा क्रम होता. जानेवारी १९१८ मध्ये एक वर्ग संपला तेव्हा ऑरोरा गावी सर्वांचे एकत्र छायाचित्र काढण्यात आले. या छायाचित्रातील काही जण समोर पाहताहेत तर काहींनी मान वळवली आहे, आणि कोणाही परक्याला तो छायाचित्रकाराचा गलथानपणा वाटावा. वस्तुतः तो एक पाठ होता. बेकनने सुचवलेल्या लिपीत दोनच चिन्हे लागतात. पाच-पाच चिन्हांच्या गटांनी सारी वर्णमाला लिहिता येते. समोर पाहणे हे एक चिन्ह, वळून पाहणे हे दुसरे. ज्ञान हेच सामर्थ्य या अर्थाचे सोळा अक्षरी इंग्रजी वाक्य त्या रांगांमध्ये लिहिलेले होते. सोळा पंचे ऐंशी माणसे हवी होती. तेवढी भरली नाहीत, म्हणून शेवटचे अक्षर अपुरे राहिले. शून्य आणि एक या दोन चिन्हांवर सारा व्यवहार करणाऱ्या संगणकाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा सोपा आणि न विसरता येणारा पाठ आणखी कोणता द्यावा? फ्रीडमन यांनी ते छायाचित्र पुढे आपल्या कचेरीत टेबलाच्या काचेखाली जपून ठेवले होते.

फ्रान्समधील युद्धसेवेनंतर ते काही काळ पुन्हा रिव्हरबँकला आले आणि तेथेच त्यांनी आपला सर्वांत महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यातील कल्पना वर्गात खडूने मांडता येईल इतकी साधी आहे. इंग्रजी मजकुराच्या दोन लांब ओळी एकीखाली एक लिहाव्यात आणि वरखाली एकच अक्षर किती ठिकाणी येते ते मोजावे. दर शंभर स्थानांत सुमारे सात ठिकाणी असा योगायोग घडतो. तीच अक्षरे जर चिठ्ठ्या टाकून उचलली तर सव्वीस अक्षरांच्या वर्णमालेत तो शंभरात चारहूनही कमी वेळा घडेल. भाषेला स्वतःची अशी चाल असते आणि ती वेषांतर केले तरी पूर्णपणे लपत नाही. दोन सांकेतिक ओळींत योगायोगाचे प्रमाण सातच्या जवळ आले तर त्या एकाच किल्लीने लिहिल्या गेल्या असाव्यात, चारच्या जवळ राहिले तर नसाव्यात. १९२० साली लिहिलेला हा निबंध १९२२ मध्ये छापून निघाला. तोवर गुप्तलिपीची उकल ही प्रतिभेची, चिकाटीची किंवा दैवाची बाब मानली जाई. या निबंधाने ती मोजमापाची बाब झाली. आपल्याकडे करपल्लवी आणि नेत्रपल्लवी यांसारखे शब्द भाषेत आहेत, परंतु त्या कलाच राहिल्या. कलेचे शास्त्र होते ते मोजू लागल्यावर. या उकलशास्त्राला इंग्रजीत आज रूढ असलेले क्रिप्टॅनॅलिसिस हे नावही फ्रीडमन यांनीच दिले.

१९२१ च्या आरंभी दोघे फेबियनच्या जाचातून सुटून वॉशिंग्टनला आले. फ्रीडमन सैन्याच्या संदेशवहन विभागात गुप्तलिपीचे काम पाहू लागले. त्यांच्या हाताखाली अनेक वर्षे एकच मदतनीस होता, तो टंकलेखक, आणि पूर्वाश्रमीचा मुष्टियोद्धा! एलिझेबेथबाई यांनी स्वतंत्रपणे सरकारी सेवेत दारूच्या चोरट्या व्यापाऱ्यांचे संदेश उकलण्याचे काम केले. न्यू ऑर्लिन्सच्या न्यायालयात साक्ष देताना आपली उकल पंचांना पटवून देण्यासाठी त्यांनी फळा मागितला आणि साक्षीच्या पिंजऱ्याचा वर्ग करून टाकला. नवऱ्याच्या कीर्तीच्या छायेत या बाईंचे कर्तृत्व पुष्कळ वर्षे झाकले गेले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१९३० साली फ्रीडमन यांना प्रथमच माणसे नेमण्याची मुभा मिळाली. त्यांनी निवडले कोणाला? सैनिकांना नव्हे, हेरांना तर नव्हेच. फ्रँक रोलेट हे व्हर्जिनियातील एका शाळेत गणित शिकवत होते. अब्राहम सिंकोव्ह आणि सॉलोमन कुलबॅक हे न्यूयॉर्कचे दोन तरुण गणितशिक्षक. वर्षाला दोन हजार डॉलर पगार ठरला. ज्या पदावर नेमणूक झाली त्याचा अर्थ काय हेही रोलेट यांना ठाऊक नव्हते. ही मुले कामावर आली तेव्हा त्यांना काम दिले गेले नाही. अभ्यास दिला गेला. रिव्हरबँकचे निबंध वाचणे, जुन्या लिप्या सोडवणे, आणि मग ज्या विद्युत्‌यंत्राची रचना फ्रीडमन यांनी स्वतः काही वर्षांपूर्वी भेदली होती त्या हेबर्नच्या यंत्राचे संदेश उत्तर न सांगता त्यांच्यापुढे टाकणे, असा तो क्रम होता. विद्यार्थी आठवडेच्या आठवडे अडून बसत. गुरू उत्तराची घाई करीत नसे. अध्यापनाच्या धंद्यात असलेल्यांना हे संयमाचे काम किती कठीण असते ते सांगायला नको.

या अभ्यासाचे पुढे काय झाले ते इतिहासात नोंदले आहे. जपानच्या परराष्ट्र खात्याने १९३९ मध्ये वापरात आणलेले, अमेरिकनांनी पर्पल असे नाव दिलेले यंत्र रोलेट यांच्या नेतृत्वाखालील गटाने, यंत्र कधीही न पाहता, सप्टेंबर १९४० मध्ये भेदले. निर्णायक दुवा जेनेव्हीव्ह ग्रोट्यान या तरुण गणितज्ञ बाईंना सापडला. फ्रीडमन यांना मात्र या परिश्रमांची किंमत मोजावी लागली. जानेवारी १९४१ मध्ये मनाचा तोल ढळून ते रुग्णालयात दाखल झाले आणि विषण्णतेचे झटके त्यांना पुढे आयुष्यभर येत राहिले. ज्या कामाविषयी घरात पत्नीशीही बोलायचे नाही, आणि तीही त्याच विद्येत पारंगत, असे आयुष्य काढणाऱ्याच्या मनाची स्थिती सहज कल्पनेत यावी अशी नाही.

त्यांच्या शिकवणुकीची दुसरी बाजू, म्हणजे कुलूप घडवण्याची, या काळात फळाला आली. हेबर्नच्या यंत्रातील चाके गाडीच्या मैलमापकासारखी एकामागून एक नियमितपणे फिरत, आणि त्या नियमितपणातच त्याचे मरण होते, हे ते यंत्र फोडणाऱ्यालाच ठाऊक असणार. चाके अनियमितपणे फिरवावीत, ही कल्पना फ्रीडमन यांची. ती अनियमितता दुसऱ्या चाकांच्या संचाकडून निर्माण करावी, ही रोलेट यांची. या दोहोंतून सिगाबा नावाचे यंत्र जन्मले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूला ते भेदता आल्याचे उदाहरण नाही. ज्याने फोडले नाही त्याला घडवता येत नाही, हे सूत्र इतके स्वच्छ सिद्ध झाल्याचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

तथापि या सर्व विद्येचा उपयोग महाविद्यालयातील विद्यार्थ्याला काय झाला? त्या काळापुरते बोलायचे तर काहीच नाही. १९३८ ते १९४१ या काळात फ्रीडमन यांनी चार भागांत लिहिलेले लष्करी उकलशास्त्राचे पाठ्यपुस्तक हे या विषयातले पहिले क्रमबद्ध पाठ्यपुस्तक म्हणावे अशा योग्यतेचे आहे. सोप्याकडून अवघडाकडे, प्रत्येक पावलाला उदाहरण, प्रत्येक उदाहरणामागे कारण. पण ते कुलपात होते. १९३३ मध्ये त्यांनी केलेल्या एका शोधाच्या अर्जावर पेटंट दिले गेले ते २००० साली. अर्जदाराला जाऊन तेव्हा तीस वर्षे उलटली होती. असे शोध विकता न आल्याची भरपाई म्हणून अमेरिकी काँग्रेसने १९५६ मध्ये त्यांना एक लाख डॉलर दिले. पैशाचा प्रश्न त्यामुळे सुटला. पण अध्यापकाची भूक पैशाची नसते.

१९५५ मध्ये ते राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतून निवृत्त झाले. ३० डिसेंबर १९५८ रोजी त्याच संस्थेची माणसे त्यांच्या घरी आली आणि त्यांच्या खाजगी संग्रहातील कित्येक कागद उचलून घेऊन गेली. त्यांत त्यांचे स्वतःचे जुने लेखन होते, पहिल्या महायुद्धाच्या काळातले व्याख्यानांचे साहित्य होते. एका शिक्षकाच्या टिपणवह्या सरकारने गोपनीय ठरवून जप्त कराव्यात, हा प्रसंग त्यांना फार लागला. पुढे उरलेला संग्रह त्यांनी सरकारी ग्रंथालयाला न देता व्हर्जिनियातील लेक्झिंग्टन येथील मार्शल ग्रंथालयाला दिला. तेथे तरी अभ्यासकांना तो पाहता येईल, ही अपेक्षा. सरकारजवळचे फ्रीडमनविषयक हजारो कागद खुले व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

या खुल्या झालेल्या कागदांनी एक अडचणीची गोष्टही उजेडात आणली, आणि ती टाळून या माणसाचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गुप्तलेखन यंत्रे तयार करणारे स्वीडिश उद्योजक बोरिस हागेलिन हे फ्रीडमन यांचे जिवलग मित्र. स्वित्झर्लंडमधील त्सुग येथे त्यांची क्रिप्टो एजी ही कंपनी होती. १९५० नंतरच्या दशकात फ्रीडमन यांनी या मैत्रीच्या आधारे असा समझोता घडवून आणला की, कोणत्या देशाला कोणत्या प्रतीची यंत्रे विकायची यात अमेरिकेच्या सोयीचा विचार व्हावा. त्यासाठी १९५५ च्या फेब्रुवारीत ते त्सुगलाही जाऊन आले. त्यांच्या मृत्यूनंतर, १९७० मध्ये, अमेरिकन व पश्चिम जर्मन हेरखात्यांनी ती कंपनीच गुप्तपणे विकत घेतली. २०२० साली वृत्तपत्रांनी हे सारे उघड केले तेव्हा तिची यंत्रे शंभराहून अधिक देशांनी घेतली होती आणि त्यांत भारतही होता, हे जगाला कळले. कुलपाची विद्या शिकवणाऱ्या गुरूने इतरांच्या कुलपांत मुद्दाम उणीव राहावी म्हणून खटपट करावी, यात विसंगती आहेच. देशनिष्ठेचे कारण पुढे करता येईल. पण ज्याने यंत्र विश्वासाने पैसे मोजून विकत घेतले, त्याच्या दृष्टीने त्या निष्ठेला दुसरे नाव आहे. आपले कुलूप दुसऱ्याने कसे घडवले हे उघडून पाहण्याची विद्या ज्या देशात शिकवली जात नाही, त्याच्यावर ही पाळी येते.

ती विद्या महाविद्यालयात पोहोचली ती फ्रीडमन यांच्या लेखणीने नव्हे, शिष्यांच्या वाटेने. सरकारी सेवेनंतर सिंकोव्ह हे ॲरिझोना राज्य विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९६० नंतरच्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी उकलशास्त्राच्या प्राथमिक गणिताचे एक सुबोध पुस्तक लिहिले. कुलबॅक जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवू लागले. लायब्लर यांच्यासमवेत १९५१ मध्ये त्यांनी मांडलेले माप आज आपल्या विद्यापीठांतील संख्याशास्त्राचे विद्यार्थीही गिरवतात, ते कोणत्या शाळेतून आले याची त्यांना बहुधा कल्पना नसते. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी किल्लीच्या देवाणघेवाणीचा नवा मार्ग उघडपणे नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून हा विषय कुलपाबाहेर आला. फ्रीडमन ते पाहायला राहिले नाहीत. नोव्हेंबर १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. थडग्यावरचा मजकूर एलिझेबेथबाईंनी ठरवला आणि त्यात छायाचित्रातले तेच सोळा अक्षरी वाक्य घातले. १९८० मध्ये त्याही त्याच दगडाखाली विसावल्या. दगडावरच्या त्या वाक्यातील काही अक्षरांना टोकाशी बारीक फाटे आहेत आणि काहींना नाहीत, ही गोष्ट २०१७ साली एका अभ्यासक बाईंच्या ध्यानात आली. फाटे असलेले एक चिन्ह, नसलेले दुसरे, असे धरून बेकनच्या रीतीने ती पाच-पाच वाचली असता विल्यम फ्रेडरिक फ्रीडमन या नावाची तीन आद्याक्षरे निघतात. सत्तेचाळीस वर्षे त्या दगडासमोरून लोक जात-येत होते.